आभाळवाल्यांचे अंगरखे

रामनगरच्या गाडीत एकदा यम चढला. काळं धोतर, खांद्यावर दोरखंड, डोक्यावर पुठ्ठ्याची शिंगं आणि तोंडाला मीच फासलेला निळा रंग. कपडे बदलायला थांबला असता तर शेवटची गाडी चुकली असती, म्हणून बिचारा तसाच निघाला. कंडक्टरनं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांकडं बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या स्टॉपला कोणाकोणाला न्यायचं ते आत्ताच सांगा, म्हणजे मला बेल मारायला बरं." सगळी गाडी हसली. आजोबा मात्र उठून पार मागं जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी शिंगं परत द्यायला आला तेव्हा यम मला म्हणाला, "अक्का, जन्मात पहिल्यांदा खिडकीची जागा गावली."

असली गिऱ्हाइकं मी आयुष्यभर सांभाळली. माझा धंदा ड्रेपरीचा. म्हणजे नाटकाचे कपडे शिवायचे, भाड्यानं द्यायचे, आणि मंडळी रानातल्या गावची असली की ट्रंकांबरोबर स्वतः जाऊन तोंडं रंगवायची, मुकुट बांधायचे, धोतरं नेसवायची. रंगकाम आधी माझे यजमान करत, शिवण माझ्याकडं होती. ते गेल्यावर दोन्ही माझ्याकडं आलं. आता डोळे दोऱ्याला सुईचं नेढं सापडू देत नाहीत म्हणून दुकान बंद केलंय, पण ट्रंका अजून घरात आहेत, आणि कुणी पाहुणा आला की त्यांच्यावरच बसतो.

लोकांना वाटतं, शिंपीकाम आणि ड्रेपरी एकच. तसं नाही. शिंपी माणसाच्या मापाचा कपडा शिवतो, आम्ही भूमिकेच्या मापाचा. यंदाचा राम काडीसारखा असतो आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन, पोट सुटून येतो. राम तोच, पोट नवीन. म्हणून देवाच्या कपड्याला बटण लावायचं नाही, नाडी लावायची, आणि पाठीमागं वीतभर कापड जास्तीचं सोडायचं. मागचा सगळा कारभार टाचण्यांवर चालतो. त्यामुळं रंगमंचावर जाणाऱ्या प्रत्येक देवाला मी एकच गोष्ट बजावत असे, "काय वाट्टेल ते कर, पण पाठ फिरवू नको."

दुसरी अडचण उजेडाची. जोयड्याच्या रानातल्या वाड्यांवर रात्रीचं नाटक करून भागत नाही. संपल्यावर माणसं घरी जाणार कशी? वाटेत गवे उभे असतात, एखादं अस्वल असतं. म्हणून भातकापणी उरकली की मोकळ्या शेतात मांडव घालायचा, ऊन कललं की नांदी आणि दिवेलागणीच्या आत शेवट. विजेच्या उजेडात साटीन रेशमासारखं दिसतं. उन्हात ते साटीनच दिसतं. रंगाचा थर जाड झाला की राजाचं तोंड सारवलेल्या भिंतीसारखं दिसतं. शहरातल्या ड्रेपरीवाल्यांना हे कधी कळायचं नाही. ते अंधारात वाढलेले!

बाजारकुणंगच्या अलीकडं एक वाडी आहे. तिथला नारायण एका वर्षी माझ्या दुकानात आला. गणेशगुडीला काळी नदीत पर्यटकांना रबरी होडीत बसवून खळाळातून खाली न्यायचं, हे त्याचं काम. उरलेल्या वेळात तो नाटकं लिहायचा आणि बसवायचा. बसवायचाही होडीसारखीच. तालमीत सैन्य पुढं न्यायचं असलं की ओरडायचा, "फॉरवर्ड! फॉरवर्ड! स्टॉप!" आणि हातात भाले घेतलेली शेतकरी मंडळी गपकन थांबायची.

"अक्का, औंदा रामायण न्हाई, महाभारत न्हाई," तो म्हणाला. "माझी स्वतःची गोष्ट हाय. आभाळगड."

गोष्ट अशी. ढगांच्या वर एक गड. तिथं आभाळवाले राहतात. ते सगळा पाऊस रांजणात भरून ठेवतात आणि खालच्या माणसांनी लोटांगण घातलं तरच थोडाथोडा सांडतात. त्यांच्या मुख्याचं नाव थोरला. खाली माणसांत कातळी नावाची एक मुलगी असते, ती म्हणते, लोटांगण घालायचं नाही.

"म्हणजे देवांशीच भांडण?" मी विचारलं. "वाडीवरची म्हातारी माणसं मांडव मोडतील."

"देव न्हवंत ते, अक्का. देवासारखे हायत."

"देवासारखे म्हणजे कसे? मुकुट?"

"मुकुट न्हको."

"गदा? चक्र?"

"कायबी न्हको. ह्यो अमका देव असं कुणी वळखता कामा न्हाई. पण बघितल्याबरोबर आपसूक हात जोडले पायजेत."

"मग फॉरेस्टचा साहेब शिवू का?"

तो हसला, पण अडचण माझ्याकडंच ठेवून गेला. मी पुष्कळ विचार केला. शेवटी लग्नाच्या मांडवाला लावतात ते चंदेरी कापड आणलं आणि खांद्यापासून जमिनीपर्यंत सरळ सोडलेले अंगरखे शिवले. वाडीच्या सुतारानं वीतभर उंचीच्या लाकडी खडावा करून दिल्या. अंगरख्याखाली खडावा दिसत नसत. नुसती उंच, चमकणारी माणसं दिसत. रंगीत तालमीला उतरतं ऊन त्या कापडावर पडलं आणि आंब्याखाली विडी ओढत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विडी विझवली. मी समजले, जमलं.

थोरल्याचं काम बाबलीअण्णाकडं होतं. वाडीवर देवाचं काम दुसऱ्या कुणाकडं जातच नसे. तरुणपणापासून त्यानं राम केला, कृष्ण केला, शंकर केला. उंच, नाक धारदार, आवाज असा की मांडवातला माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. बाकी वर्षभर तो साधा कुळवाडी. स्वतःचं थोडं भात, उरलेले दिवस रानातली मजुरी. पण रंग लावून बाहेर आला की बायका खरंच त्याच्या पाया पडत, आणि तोही न हसता आशीर्वाद देई. त्या खडावांवर बाकीचे आभाळवाले बदकासारखे हलायचे. अण्णा मात्र पाण्यावरून चालल्यासारखा चालायचा.

पहिल्या भागात आभाळवाले जिंकले. थोरल्यानं कातळीला शाप देऊन दगड केलं आणि पडदा पडला. टाळ्या जोरात झाल्या, पण लोक उठेनात. एका म्हातारीनं नारायणाचा दंडच धरला. "पोरीला दगड करून आमाला घरी कसं धाडतोस रे? आता रातभर माज्या डोळ्याम्होरं ती तशीच हुबी ऱ्हाणार."

नारायण म्हणाला, "आज्जी, पुढल्या वर्साला भाग दोन."

"तवर मी जगंन का?"

"तुज्यासाठीच लिवतो."

आणि त्यानं लिहिला. दगड झालेली कातळी जागी होते, माणसं गडावर चढतात, बंड होतं. नारायण तालमी तोंडीच घ्यायचा. एकेक प्रवेश सांगत जायचा, पण शेवट काही केल्या सांगेना. पहिल्या भागात कातळी करणारा पुरुष होता. तो गोव्याला हॉटेलात कामाला लागला आणि परत आला तो मिशी ठेवून. मिशी काढायला तयार होईना. नवीन कातळी शोधता शोधता नारायणाला ती बाबलीअण्णाच्या स्वयंपाकघरात सापडली.

पार्वती ही अण्णाची सून. कुळगीच्या निसर्ग शिबिरात स्वयंपाकाला मदत करायला जायची. सासरा पडवीत आपली भाषणं घोकायचा, तेव्हा आत काम करता करता ती समोरच्या पात्राची भाषणं हळूच म्हणायची. नारायणानं ते ऐकलं. वाडीवर त्याआधी कुठलीच बाई नाटकात उभी राहिली नव्हती. आश्चर्य म्हणजे अण्णा लगेच हो म्हणाला. "परक्याच्या पोरीला शाप देण्यापरीस घरचीला दिलेला बरा," म्हणाला. त्याला वाटलं होतं, भाग दोनमध्येही थोरलाच जिंकणार.

शेवट फक्त मला ठाऊक होता, कारण तो शिवायचा मला होता. नारायणाला हवं होतं की कातळीनं थोरल्याचा अंगरखा एका झटक्यात ओढावा, तो गळून पडावा, खडावा उघड्या पडाव्यात आणि आतून तुमच्याआमच्यासारखा माणूस निघावा. मी डोकं चालवलं आणि काखेपासून खालपर्यंत पोत्याची शिवण घातली. तांदळाचं पोतं ज्यानं उघडलंय त्याला ती ठाऊक असते. नेमकं टोक धरून ओढलं की सर्रकन उसवत जाते.

माप बघायला मी अण्णाच्या घरी गेले. सकाळची वेळ. अंगणात तो हात पसरून उभा राहिला, मी अंगरखा चढवला. आयुष्यभर माझे कपडे घातलेला माणूस, बोटांना सगळं कळायचं. काखेत हात गेला आणि तिथंच थांबला.

"सुमनक्का, ही पोत्याची शिवण कशाला?"

खोटं सांगून उपयोग नव्हता. मी सांगितलं.

"कातळी म्हंजे आमची पार्वती."

"व्हय."

आत विळीवर नारळ खवल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

अण्णानं अंगरखा उतरवला आणि माझ्या हातात दिला. "घडी घाल. माज्याच्यानं हे व्हणार न्हाई."

"अण्णा, नाटक हाय ते."

"तुला नाटक. वरीसभर मी कोण हाय सांग? कुणी बलावलं की रानात जायाचं, मिटिंगीत मागल्या बाकावर बसायचं. तेवढा एक दीस लोक माज्याकडं मान वर करून बघत्यात. तेबी सगळ्या गावाम्होरं सुनेच्या हातनं काढून घ्यायचं?"

कोयता घेऊन तो शेताकडं निघून गेला. मी अंगरखा घडी करत राहिले. इतकी वर्षं मी त्याला उंच करत आले होते, आणि त्यानं त्या उंचीवर किती भार टाकलाय हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

नारायण धावत रामनगरला आला. "अक्का, शेवट बदलतो. थोरल्यावर वीज पाडतो."

"वीज पाडलीस तर माणसांनी काय केलं?"

तो डोकं धरून ट्रंकेवर बसला. दुसरा थोरला आणायचा तर खडावांवर चालणार कोण? आणि अण्णाशिवाय नाटक म्हटल्यावर शेजारच्या वाड्या येणार कशाला? खरं तर त्याच्या मनात याहून मोठी भीती होती. नाटक मोडलं तर वाडीवरचा प्रत्येक जण म्हणणार, बाई घेतली म्हणून मोडलं. मग पुढं कित्येक वर्षं कुणी बाई मांडवाच्या जवळ फिरकणार नाही.

नंतर पार्वती आली, एकटीच, गाडीनं. दारात चपला काढून उभी राहिली.

"अक्का, ती शिवण पक्की करून टाका. मी ओढत न्हाई. मामा धड जेवंनात. मला बघितलं की उठून जात्यात."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं?" ती म्हणाली. मी ट्रंकेवरचं कापड उचलून तिला जागा केली. बसता बसता तीच बोलली, "नारायणभाऊंनी शेवट सांगितल्यापासनं शिबिरात भांडी घासताना मी कातळीचं शेवटचं भाषण मनात म्हणते. तवा हात कसा भराभरा चालतो. कधी एकदा ओढते असं हुतं. पण मला थोरल्याचा वढायचाय, अक्का. मामांचा न्हाई. आता दोघंबी एकाच अंगरख्यात हायत, त्याला मी काय करू?"

मी मशीनवर बसले. अंगरखा सुईखाली घेतला. पायडलवर पाय ठेवला आणि काढून घेतला.

"शिवण हाय तशी ऱ्हाईल," मी म्हणाले. "वढायची का न्हाई ते तू तिथं ठरव. ते ठरवायचं काम माझ्या मशीनचं न्हवं."

नाटकाच्या दिवशी मांडवामागं आम्ही सगळे तोंडं रंगवत बसलो, आणि थोरल्याचा पत्ता नाही. बाकीचे आभाळवाले खडावा काढून चहा पीत होते. पार्वतीच्या चेहऱ्याला मी रंग लावत होते, पण खालचा चेहराच इतका पांढरा पडला होता की रंग बसेना. समोर शेतात माणसं दाटून बसलेली. ती म्हातारीही पहिल्या रांगेत, घोंगडं अंथरून.

ऊन कललं तेव्हा बांधावरून अण्णा आला. खांद्यावरून पायापर्यंत कांबळं गुंडाळलेलं. कुणाशी न बोलता माझ्यासमोर बसला आणि तोंड पुढं केलं. "रंगव."

"आणि शेवट, अण्णा?"

"शेवट माजा मी बघतो. अंगरखाबी माजा मी घालतो. तू भायेर ऱ्हा."

पडद्याआड जाऊन तो एकटाच कपडे करून आला. मी पटकन त्याच्या काखेकडं बघितलं. दोऱ्याचं टोक होतं तिथं होतं. पण अण्णा माझ्या नजरेला नजर देईना. मला वाटलं, हा ऐन वेळी कातळीला पुन्हा दगड करणार आणि घरी जाणार. त्याला अडवणार कोण? त्याच्या आवाजापुढं नारायणाचं "स्टॉप" कुणाला ऐकू जाणार?

नाटक सुरू झालं. पार्वती पहिल्या प्रवेशात अडखळली, दुसऱ्यात सावरली. दगडातून जागी झाली तेव्हा पहिल्या रांगेतून म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "उठली गो बाय!" आणि अख्खं शेत हसलं. माणसं गडाची शिडी चढली. एक पायरी मोडली, दोन बंडखोर खाली आले, पुन्हा चढले. आणि मावळतीचं ऊन नारायणानं योजलं होतं तसं बरोब्बर अण्णावर पडलं. तो एवढा उंच, एवढा झगझगीत दिसत होता की माझेच हात जुळायला निघाले, आणि ते कापड तर मी वारानं मोजून आणलेलं!

"आजवर कुणाही मानवानं आम्हांस स्पर्श केलेला नाही," थोरला गरजला. "तुझा हात आमच्यापर्यंत पोचणार नाही, कातळी!"

पार्वतीनं आपलं भाषण केलं. एकही शब्द न चुकता, दमानं, शेताच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. मग ती पुढं झाली. दोऱ्याच्या टोकापर्यंत हात नेला आणि तिथंच थांबली. दुसरा हात वर गेला आणि तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. सासरा समोर होता ना! हे नाटकात नव्हतं. तिच्याही नकळत झालं असावं.

नारायण माझ्या शेजारी विंगेत उभा होता, त्यानं डोळेच मिटून घेतले.

अण्णा वरून तिच्याकडं बघत राहिला. मग मान किंचित खाली करून, थोरल्याच्या नाही, आपल्या घरच्या आवाजात म्हणाला, "वड ग पोरी. मी हाय."

तिनं ओढलं.

सर्रकन आवाज आला. चंदेरी कापड एका दमात खाली गेलं, आणि आतून निघाला बाबली कुळवाडी. मी आत घालायला दिलेले कपडे त्यानं घातलेच नव्हते. गुडघ्यावरचा पंचा, कमरेला कोयता अडकवायची आकडी, उघडी छाती, रोज रानात जाताना लोक त्याला जसा बघतात तसा. मग मागच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून आरोळी उठली, "आरं, ह्यो तर आपला बाबली!" आणि शेत उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर. मी जन्मात कुठल्या देवाला एवढ्या टाळ्या पडलेल्या बघितल्या नाहीत.

खडावांवरून उतरणं मात्र बसवलेलंच नव्हतं. गुडघा दुखरा, खाली नुसत्या फळ्या. तो तोल सांभाळत उभा राहिला. पार्वतीनं झटकन खांदा पुढं केला, त्यानं त्यावर हात टेकला, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. खाली उतरल्यावर दिसलं की सून त्याच्या कानापर्यंत येते. लोकांना तेही नाटकच वाटलं. आणखी टाळ्या.

नंतर मांडवामागं खोबरेल तेलाचा बोळा घेऊन मी त्याचा रंग उतरवत होते. यंदा कुणी बाई पाया पडायला आली नाही. त्याऐवजी माणसं येत होती, त्याच्या पाठीवर थापा मारत होती, एकानं तर उद्या भाताच्या झोडणीला ये म्हणून सांगितलं. अण्णा सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत होता.

"वाईट वाटतंय का, अण्णा?" मी विचारलं.

"वाटतंय की," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पन पोरगी थांबली न्हवं तिथं. म्या म्हनलं, आता मी गप्प बसलो तर ही जन्मभर तिथंच हुबी ऱ्हाईल."

मी डबे आवरायला लागले. तो उठला नाही.

"अक्का, टेप हाय का तुज्यापाशी?"

"हाय. कशाला?"

"एक शर्ट शिव माजा."

"कुठल्या नाटकाला?"

"नाटकाला न्हवं ग. असाच, घालायला. पुऱ्या बाह्यांचा. खिसा वाईच मोठा ठेव, पानाची चंची बसंल असा."

मी पिशवीतून टेप काढली. अण्णा उभा राहिला, आणि टेप खांद्याला लावल्याबरोबर सवयीनं त्यानं मान ताठ केली, छाती पुढं काढली, श्वास आत ओढून धरला.

"अण्णा, सैल हुबे ऱ्हावा," मी म्हणाले.

त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानं श्वास सोडला, खांदे खाली आले, पोट जागेवर आलं, आणि मी त्याचं माप घेतलं.